दसऱ्याला बंद केलेली भट्टी

दसऱ्याच्या सकाळी संघर्ष बुद्धविहारातली वंदना आटोपून थेट लालबागच्या वर्कशॉपमध्ये आला, तेव्हा भट्टीला झेंडूचा हार घातलेला होता आणि भट्टी बंद होती.

आत त्याच्या फ्युएल सेलचा, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या सेलचा, शेवटचा नमुना होता. सेलची पट्टी आणि स्टीलची चौकट यांच्यामध्ये त्याने काचेचं सील भरलं होतं. भट्टी अगदी सावकाश निववायला लागायची, नाहीतर स्टील भराभर आक्रसतं आणि काच तडकते. हे सील टिकलं तरच कंपनी पुढचं काम चालू ठेवणार होती.

"रघुकाका, बंद कोणी केली?" त्याने वर्कशॉप सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गिरणी कामगाराला विचारलं.

"मीच. चालत्या भट्टीची पूजा करतात काय रे? मिलमध्ये आमचे कापड विणायचे साचेसुद्धा दसऱ्याला थांबायचे."

काकांनी कौतुकाने त्याच्या हातावर पेढा ठेवला. संघर्षचा दुसरा हात बटणापर्यंत गेला आणि मागे आला. आता तापवलं तरी काचेला धक्का बसणार, दार उघडलं तरी बसणार. तेवढ्यात आत टिक असा बारीक आवाज झाला. थोड्या वेळाने आणखी एक.

"काय वाजलं रे?"

"काही नाही काका, निवतेय," तो म्हणाला आणि तापमानाचा उतरत जाणारा आकडा बघत उभा राहिला.