खिशातलं कुलूप

गिरधरचा जीव गेला त्याच इमारतीत नवं पॅनेल बसवायचं काम अकीलने स्वतःहून मागून घेतलं.

नंदुरबारच्या त्या चार मजली इमारतीची लिफ्ट वर्षभर बंद होती. जुनं पॅनेल दुरुस्त करताना कोरीट गावचा गिरधर वरच्या मशीनरूममध्ये शॉक लागून मेला. अकील आणि तो चौदा वर्षं जोडीने लिफ्टची कामं करत होते. तपासात ठरलं, की वॉचमन उखाने न विचारता खालचा मेन स्विच चालू केला. उखाची नोकरी गेली.

आज अकीलने आधी तळमजल्यावरचा लिफ्टचा मेन बंद केला, त्याला कुलूप घातलं, ‘काम चालू आहे’ची पाटी अडकवली आणि किल्ली खिशात टाकली. वर जाऊन टेस्टर चालू सॉकेटवर तपासला, मग येणाऱ्या तिन्ही वायरी, मग पुन्हा सॉकेटवर. वायरींत वीज नव्हती.

पॅनेल भिंतीला पक्कं करून त्याने सगळ्यात आधी अर्थिंगची वायर जोडली. मग बाकीच्या, नंबर बघून, एकेक ओढून. इमारतीच्या मालकाचा पुतण्या धीरज दोनदा वर आला.

“अजून किती वेळ? लोक जिने चढून कंटाळले.”

“चढू देत,” अकील म्हणाला.

दुपारी लिफ्ट सुरू झाली. धीरजने पेढे आणले. अकील पेढा न घेताच खाली उतरला आणि मोटारसायकलवरून थेट कोरीटला गेला.

गिरधरची बायको जसोदाबाई ओट्यावर कापूस निवडत होती. तो उभाच राहिला.

“भाभी, त्या दिनले कुलूप मन्हा खिसामा व्हतं. दोन मिनिटनं काम शे म्हनीसन मी लायंच नही. वायर लेवाले खाले गऊ, तेवढामा उखानी मेन चालू करा.”

तिचे हात थांबले.

“वरीस व्हयनं. आतेलोंग काब्र बोलना नही?”

“भ्याव वाटनं.”

“उखाले सांगं?”

“नही.”

“मंग आठे काय करस? त्यानं तोंड काळं व्हयनं गावमा. जाय. आनि परत मन्हा दारमा येऊ नको.”

तळोद्याच्या पुढे एका वस्तीवर उखा भेटला. झोपडीच्या सावलीत खाटेची दोरी विणत होता. अकीलने सगळं सांगितलं आणि मालकाला द्यायला लिहिलेला कबुलीचा कागदही वाचून दाखवला.

उखा दोरी ओढत राहिला. शेवटी म्हणाला, “वर कोन शे का, हाई मी बी इचारं नही. पाटी नव्हती, कुलूप नव्हतं, पन इचारतू तर? रोज झोपमा तोच इचार येस.”

“चूक मन्ही शे, उखाभाऊ.”

“तुन्ही शे. पन मन्ही गई नही.”

दुसऱ्या दिवशी अकीलने कागद मालकाला दिला. मालकाने वाचला, घडी घातली. “प्रकरण मिटलंय,” तो म्हणाला. “आता कशाला उकरतोस?”

अकील तोच मजकूर पुन्हा लिहून पोलीस ठाण्यात गेला. तिथे त्याला बाकावर बसायला सांगितलं. तो बसला. समोरून लोक येत-जात होते. त्याला कोणी काही विचारलं नाही.