टेबलापर्यंतची पट्टी

त्या दिवसांत मला कुणी "बस जरा" म्हटलं की माझं डोकं फिरायचं. बसूनच तर होते. ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत, फोनशेजारी, येईल त्याला "अण्णा आत आहेत, बसा" म्हणत. आणि काचेच्या दारापलीकडं, माझ्या कॉम्प्युटरवर, वीरेश बसला होता.

आमचं ऑफिस उद्यमनगरात. फौंड्रीवाल्यांना लागणारी ड्रॉइंगं आम्ही कॉम्प्युटरवर काढून द्यायचो. नव्याण्णव साल. असलं काम येणारी माणसं तेव्हा कोल्हापुरात बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातली एक मी, संघप्रिया. फुशारकी म्हणा पाहिजे तर. पंपाचा तुटका भाग टेबलावर आणून टाका, मापं घेऊन संध्याकाळपर्यंत ड्रॉइंग हातात देत होते मी. असल्या बाईला फोन उचलायला बसवलं तर तिचं काय होणार?

बसवलं ते फरशीपायी. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून तेव्हा सगळीकडं नियमच होता, चपला दाराबाहेर. देवळात शिरावं तशी माणसं आत शिरायची. पंचाईत माझी. माझा डावा पाय पोलिओचा. मांडीपासून लोखंडी पट्ट्या, आणि त्या पट्ट्या खाली बुटात अडकवलेल्या, हातात काठी. बूट काढायचा म्हणजे पायच काढून दारात ठेवायचा. यावर मालकांच्या बायकोनं, शिवम्मा वहिनींनी, तोडगा काढला. बुटावर चढवायला मखमलीचं कव्हर शिवून दिलं, जांभळं, वर नाडी. आत जुनी शहाबादी फरशी होती तोवर त्या जांभळ्या पायानं मी झकास वावरले. मग आत चकचकीत टाइल्स बसल्या आणि आठवड्याच्या आत मी आडवी झाले. मनगट मोडलं.

प्लास्टर काढून कामावर आले तर मालक, म्हणजे आमचे रुद्राप्पा अण्णा, म्हणाले, "आता तू भाईर बसायचं. आतली फरशी बदलतो, मग बघू."

अण्णा माणूस वाईट नाही. हात गळ्यात होता तेव्हा रोज घरी डबा पाठवला त्यांनी. पण त्यांचं "मग बघू" मला चांगलं माहीत होतं. त्या "मग बघू"त ऑफिसची खिडकी अजून दोरीनं बांधलेली होती. त्यात वीरेश त्यांचा सख्खा पुतण्या. माझ्या खुर्चीत त्याचा हात रोज थोडाथोडा बसत चालला होता. फरशी लवकर आणि माझ्या पायाला सोसेल अशी आली नाही, तर खुर्ची कायमची गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मग कसलं बसवतंय एका जागी! फोन ठेवला की उठायची, काचेपर्यंत जायची, वीरेश काय करतोय बघायची, परत यायची. एकदा त्यानं आख्खा पंप उलटा काढलेला मी काचेतनं बघितला आणि काचेवर टकटक केलं. त्यानं हसून हात हलवला. मला वाटलं, दार फोडून आत जावं.

शेवटी एकदाचा कृष्णात आला. लक्ष्मीपुरीत त्याचं व्हिनायल फ्लोअरिंगचं दुकान. पाटाएवढे नमुने काखेत मारून आला आणि आतल्या खोलीत ओळीनं मांडले.

"टाइल फोडायची न्हाय, काय न्हाय," तो अण्णांना म्हणाला. "वरनंच सोल्युशननं चिकटवायचं. रविवारी लागलो की सोमवारी ऑफिस चालू."

सगळे गोळा झाले. सगळ्यांच्या चपला बाहेर, सगळे अनवाणी. एकेकजण नमुन्यावर चढून बघायला लागला. वीरेशनं टाच घासली. "मऊ लागतंय की." अण्णांनी खाली वाकून तळवा फिरवला. त्यांचा जीव सागवानी नक्षीच्या तुकड्यावर जडला होता. चकचकीत, तोंड दिसेल असा.

"पावणं, ह्यो झ्याक हाय," ते कृष्णातला म्हणाले. "पुण्याची पार्टी आली तर नाव काढंल."

मी काचेच्या दारात उभी. माझ्यापायी फरशी बदलायची, आणि मलाच कुणी हाक मारेना.

"मला कुणी विचारणार हाय का?" मी म्हटलं.

"ये की," अण्णा म्हणाले. "कव्हर घाल आणि ये."

घातलं. सागवानी तुकड्यावर बूट ठेवला आणि तो सरळ पुढं निघाला. कृष्णातनं दंड धरला म्हणून वाचले.

"ह्ये बी घसरतंय व्हय?" अण्णा खरोखर बुचकळ्यात पडले होते. "आम्हाला तर धरतंय."

"तुमी उघड्या पायानं बघताय, अण्णा. उघड्या पायाला सगळंच धरतं. चालायचंय माझ्या बुटाला आणि माझ्या काठीला." मी नाडी सोडली, कव्हर काढून खुर्चीवर टाकलं आणि बूट तसाच घेऊन एकेका तुकड्यावर चालले. अंगात इतका राग होता की काठी जरा जोरातच आपटत होते. सागवानी सटकला. संगमरवरी त्याहून वाईट. शेवटचा एक होता, करडा, दिसायला अगदीच गरीब, वर बारीक रव्यासारखे दाणे. त्यावर काठी रुतली. मी टेबलावरचा तांब्या घेतला आणि त्यावर ओतला.

"म्याडम, नमुना हाय तो," कृष्णात पुटपुटला.

ओल्यावरपण बूट हलला नाही. "हे," मी म्हटलं.

अण्णांचं तोंड पडलं. "दवाखाना दिसतोय गं."

"दिसू द्या. खऱ्या दवाखान्यात जायची पाळी तरी येणार न्हाय."

अण्णा हसले. "तुझ्या तोंडाला लागायची सोय न्हाय. जा, करतो तू म्हणतीस तसं."

त्या शब्दावर मी घरी गेले. तो आख्खा रविवार मी घरात या खोलीतनं त्या खोलीत करत काढला. भाजी निवडायला बसले आणि देठ ठेवून पानं टाकून दिली. बाबा म्हणाले, "तिकडची फरशी बसूस्तवर हितली झिजवशील." सोमवारी त्यांना चहासुद्धा धड पिऊ दिला नाही. लुनावर मागं बसून आले, तर ऑफिसचं कुलूप नुकतंच निघत होतं.

आत सोल्युशनचा उग्र वास. सगळीकडं सागवान. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, चकचकीत. आणि त्याच्या मधनं, दारापासून माझ्या टेबलापर्यंत, दोन हात रुंदीची करडी पट्टी.

"बघ," अण्णा म्हणाले. लहान पोरासारखा आनंद होता त्यांच्या तोंडावर. "तुझं बी झालं, माझं बी झालं. तुझ्यासाठी खास पट्टी टाकून घेतली. कव्हर न्हाय, काय न्हाय, बूट घालून बिनघोर जायचं खुर्चीपतुर."

वीरेश माझ्या खुर्चीतनं आधीच उठला होता. सगळे माझ्याकडं बघत होते. काय बोलणार? "बरं झालं," म्हटलं आणि त्या पट्टीवरनं चालत जाऊन बसले.

खुर्ची मिळाली, खोटं कशाला बोलू, पहिला तासभर बरं वाटलं. वीरेशनं केलेला घोळ निस्तरला. उलटा पंप सुलटा केला. मग पाणी प्यावं म्हणून उठायला लागले, तर वीरेशच पेला घेऊन हजर. "तुमी उठू नका, ताई." दुपारी सगळ्यांनी खिडकीखाली डबे उघडले आणि माझा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. वर लोणचं वाढलं. तिकडं हसणं-खिदळणं चाललेलं, आणि मी इकडं भिंतीकडं तोंड करून जेवत होते. किती चांगली माणसं, आणि मला एकेकाच्या कानफटात द्यावीशी वाटत होती. बाहेर फोनशेजारी तरी इकडंतिकडं फिरत होते. इथं पट्टी संपली की मी संपले.

जेवणानंतर ड्रॉइंग तयार झालं. पलीकडच्या कोपऱ्यात प्लॉटर होता, मोठाल्या कागदावर ड्रॉइंग काढून देणारं यंत्र. आपण काढलेली रेघ त्या पेनाखालनं कागदावर उतरताना शेजारी उभं राहून बघायची माझी सवय. तेवढ्यासाठी तर मी हे काम शिकले. मी कमांड दिली, काठी घेतली आणि उठले. पट्टीच्या कडेला येऊन थांबले.

"थांबा ताई, मी आणतो," वीरेश म्हणाला.

अण्णा केबिनमधनं बाहेर आले. "काय पायजे? सांग की, माणसं हायत."

"मला काय आणून नकोय, अण्णा. मला जायचंय."

"कुठं?"

"कुठंबी. प्लॉटरकडं. खिडकीत. वीरेशच्या टेबलाशी जाऊन त्याच्या चुका काढायला."

वीरेश हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

"एवढं खास केलं तुझ्यासाठी," अण्णा म्हणाले. त्यांना लागलं होतं. "दुसऱ्या कुठल्या ऑफिसात करतील दाखीव."

तोवर मी तोंड दाबून धरलं होतं, ते सुटलं. "खासच नकोय, अण्णा. आमच्या आज्जीला गावात पाण्याला जायला अशीच एक वाट होती. येगळी. तेवढ्याच वाटंनं जायचं, तेवढ्याच वाटंनं यायचं. बाकीचं गाव लोकांचं."

नुसता प्लॉटर कागदावर करकरत होता. अण्णांचं तोंड पांढरं पडलं.

"मी तसं केलं व्हय गं?" ते हळू म्हणाले.

"न्हाय. तुमी मायेनं केलं. म्हणून तर सकाळपासनं तोंड उघडता येईना मला."

रडू यायला लागलं, आणि यांच्यापुढं मला रडायचं नव्हतं. म्हणून पट्टी सोडली. सागवानावर काठी लगेच सटकली, मी वीरेशच्या टेबलाची कड धरली. मग पुढच्या टेबलाची. टेबलं संपली. प्लॉटर समोर, पण मधे धरायला काही नाही. बूट टेकला की सरकत होता.

"पडशील," अण्णा म्हणाले. "मागं फिर, प्रिया."

"मागं फिरत न्हाय. फुडं बी जाता येईना. मी हितंच हाय. फोन लावा कृष्णातला."

"आत्ता? आत्ता पार्टी येईल पुण्याची."

"येऊ द्या. बघू द्या त्यांना."

वीरेशनं खुर्ची आणून माझ्यामागं ठेवली. मी तिला हात लावला नाही. अण्णा माझ्याकडं बघत राहिले, मग खाली फरशीकडं, मग आपल्या उघड्या पायांकडं. वळून बाहेरच्या खोलीत गेले. फोन लावलेला ऐकू आला.

"कृष्णात, त्ये करडं हाय न्हवं तुझ्याकडं? न्हाय, न्हाय, पट्टी न्हवं. आख्ख्या खोलीला."

माझा चांगला पाय थरथरायला लागला होता. प्लॉटरनं ड्रॉइंग पूर्ण केलं, कागद कापला आणि गप झाला. कृष्णात टेप घेऊन आला तेव्हाही मी त्याच जागी उभी होते. "म्याडम, जरा सरकता का?" त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, "तिला सरकाय सांगू नको. तू तिच्या भवतीनं घे." आणि त्यानं खोलीचं माप माझ्या बुटाला वळसा घालून घेतलं.