गरम बॉनेट

रविवारी सकाळी आठ वाजता मावशीच्या गाडीचं बॉनेट गरम होतं, आणि सगळं तिथूनच बिनसलं.

दहा नंबरनं, म्हणजे तिच्या भाचीनं, हात सहज ठेवला होता. सवयच होती तिला. बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यामागच्या मैदानात दर रविवारी गाडीवेड्यांचा अड्डा जमायचा, आणि तिथं तिनं गिरवलेला पहिला धडा हाच: जुनी गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आत इंजिन तापवून ठेवलंय. थंड इंजिन काहीतरी कुरकुर करतं आणि मालकाला ती तुमच्यापासून लपवायची आहे.

"मावशी, सकाळी गाडी बाहेर काढली होतीस?"

"नाही गं. बस लवकर, उशीर होतोय."

नाही? मग बॉनेट काय लाजून गरम झालं होतं?

दहा नंबर गाडीत बसली, पण डोक्यात चाकं फिरायला लागली. काल दुपारी मावशीनं शेडला आतून कडी घातली होती. आतून कानस चालवल्याचा आवाज येत होता. संध्याकाळी ती जेवायला आली तेव्हा तिच्या नखांना काळा रंग लागलेला, आणि मावशीनं जन्मात कधी नखं रंगवली नव्हती. "काय करत होतीस?" असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "झाडून काढत होते." कानशीनं?

आता दहा नंबर म्हणजे कोण, ते सांगायला हवं. पोरगी बारावीतली, लायसन्सच्या वयाला दोन महिने कमी. दहा नंबरचा पाना जसा नेमका हवा तेव्हाच सापडत नाही, तशी ही कुणी हाक मारली की कुठल्या तरी गाडीखाली असायची. म्हणून अड्ड्यानं तिचं हे नाव पाडलं. तिची आई आणि मावशी एकाच घरात राहायच्या. मावशीनं अठरा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवली. स्कूल बंद झालं तेव्हा तिथली एक पांढरी गाडी तिनं घरी आणली. दारावरची अक्षरं खरवडून काढली होती तरी उन्हात अजून वाचता यायची. "तुझं लायसन्स आलं की ही तुझी," असं मावशीनं कबूल केलं होतं. तेव्हापासून दहा नंबर त्या गाडीला स्वतःच्या दातांपेक्षा जास्त घासायची.

आणि ही पांढरी म्हातारी गेले तीन रविवार शर्यत जिंकत होती.

मैदानात रंगाचे रिकामे डबे मांडून वेडीवाकडी वाट केलेली. एकेक गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. गाड्या सगळ्या रोजच्याच, भाजी आणायच्या, कामावर जायच्या. कुणी चोरून इंजिनात भलतंसलतं बसवू नये म्हणून अड्ड्याचा एकच नियम होता, अदलाबदलीचा. हरलेल्यानं जिंकणाऱ्याकडे गाडी मागितली की दोघांनी किल्ल्या बदलायच्या, गाडीला जे काही घट्ट बसवलंय त्या सगळ्यासकट. मग नवा मालक तिथल्या तिथं इंजिन उघडून बघू शकतो. आत लबाडी निघाली तर जिंकणारा कायमचा बाहेर. चार वर्षांत हा नियम कुणी वापरला नव्हता. आपली गाडी कोण देतंय?

"या मास्तरीणबाई!" डॉक्टरनं हात वर केला. हा डॉक्टर फ्रिज दुरुस्त करायचा, पण गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून गाड्यांची छाती तपासायचा, म्हणून डॉक्टर. त्याची लाल गाडी स्प्रिंगा कापून जमिनीला टेकवलेली, आणि तीन रविवार दुसरी येत होती.

तो बेकरीवालीला जुनी व्हॅन कशी घ्यायची ते समजावत होता. "सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, शेवटपर्यंत. तिथं मातीची रेघ दिसली की गाडी पुरात बुडालेली. आणि मालक जास्त हसला की खाली वाकून टायर बघायचे."

"आणि तुमच्यासारखा रडका असला तर?" बेकरीवालीनं विचारलं.

"मी रडका नाही. मला शंका येतात. तीन वेळा जिंकते ही बाई. तेवढ्याशा इंजिनात एवढं येतं कुठून?"

"डॉक्टरकाका, आमच्या गाडीत एक स्क्रू जरी वेगळा निघाला ना," दहा नंबर ठसक्यात बोलली, "तर मी या मैदानात पाय ठेवणार नाही!"

हे ती दर रविवारी म्हणायची. आज म्हणताना मात्र तिची जीभ अडखळली. काळी नखं तिला दिसत होती.

शर्यत झाली. मावशी डब्यांमधून अशी गेली, जणू कुणी उशीखालून रुमाल ओढून काढावा. ना टायर किंचाळले, ना धूळ उडाली. डॉक्टरची लाल गाडी गरजत आली आणि दोन डबे लाथाडून गेली. वेळ मोजणाऱ्या पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, वही वर धरली. मावशी पहिली.

"अदलाबदल," डॉक्टर म्हणाला.

चहाचा थर्मास बेकरीवालीच्या हातात तसाच तिरका राहिला.

"काय म्हणालात?" मावशीनं विचारलं.

"नियम आहे. माझी लाल घ्या, पांढरी द्या. मी आत्ताच उघडणार."

गाडी तर चाललीच होती. पण आत काही निघालं, तर मावशी चारचौघांत लबाड ठरणार. अठरा वर्षं लोकांना सरळ चालवायला शिकवलेली बाई! दहा नंबरनं मावशीचा दंड धरला आणि कानाशी लागली.

"मावशी, आत काय बसवलंयस? आत्ताच सांगून टाक. तूच कबूल केलंस तर निदान..."

मावशीनं मान वळवली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"तूसुद्धा?" एवढंच म्हणाली, आणि किल्ली डॉक्टरच्या तळहातावर ठेवली.

डॉक्टरनं बॉनेट उघडलं. स्टेथोस्कोप लावला, झाकण काढलं, मापं घेतली, पुन्हा घेतली. पोस्टमास्तर वाकून गाडीच्या जुन्या पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून बघत होते.

"सगळं कंपनीचं," ते शेवटी म्हणाले. "उलट थोडं झिजलेलंच आहे."

पण डॉक्टर कसला ऐकतोय! तो आत शिरला. सीटखाली बघितलं, डिकी उपसली, मग ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढचं पायपुसणं उचललं आणि ओरडला, "सापडलं!"

सगळे धावले. पायपुसण्याखाली एक लोखंडी पेडल होतं. ताज्या काळ्या रंगाचं, कडा नीट कानसून गुळगुळीत केलेलं.

"हे काय आहे?"

"ब्रेक," मावशी म्हणाली. "शिकवणाऱ्याचा. स्कूल बंद झाल्यावर काढून ठेवला होता, काल परत बसवला. धरतो की नाही ते आज सकाळी रस्त्यावर बघून आले. पुढच्या रविवारपासून या पोरीला इथं मैदानात शिकवणार होते. तिला सांगायचं नव्हतं."

"ब्रेकनं कुणी जोरात पळतं का हो, डॉक्टर?" बेकरीवाली म्हणाली. पण कुणी फार हसलं नाही.

डॉक्टरचे कान त्याच्या गाडीसारखे लाल झाले. तरी किल्ली त्यानं खिशात टाकली. मागितली होती सगळ्यांसमोर. आता परत कशी देणार?

तो आठवडा दहा नंबरला वर्षासारखा गेला. मावशी बोलायची, पण कशी? जेवताना दोन्ही हात उलटेपालटे करून दाखवायची: "बघून घे, चमचा लपवला नाहीये." दुधाच्या पातेल्यापाशी नेऊन म्हणायची, "हात लाव. गरम आहे का? मग मीच तापवलंय, कबूल." आई हसून हसून बेजार व्हायची. दहा नंबर आधी रडली. मग तिनं तीनदा माफी मागितली, चौथ्यांदा चिठ्ठी लिहिली आणि लाल गाडीच्या आरशाला अडकवली. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी तिथं नव्हती.

पुढच्या रविवारी मावशी डॉक्टरच्या लाल गाडीतून पहिली आली. डॉक्टर पांढरीतून शेवटून दुसरा. शेवटची बेकरीवाली, तीही मागे पावांचे ट्रे होते म्हणून.

डॉक्टरनं किल्ली फिरवून पांढरीचं इंजिन बंद केलं. मग खाली उतरला.

"मास्तरीणबाई, ही तीच गाडी आहे ना? रात्रीतून काही काढून तर नाही नेलंत?"

"तुमच्याच अंगणात होती, डॉक्टर."

"मग पळत का नाही?"

"तुम्ही तिला रागावता म्हणून. अठरा वर्षं मी शेजारी बसले. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, माझ्याकडे फक्त एक ब्रेक. गाडी कुठं घसरणार ते घसरायच्या आधी पायाला कळायला लागतं. तेवढंच आहे माझ्याकडे लपवलेलं."

डॉक्टरनं स्टेथोस्कोप गळ्यातून काढला, हातात गुंडाळला, आणि चपलेकडे बघत म्हणाला, "अदलाबदल."

किल्ल्या बदलल्या. दहा नंबरनं मात्र आधी बॉनेटला हात लावला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, पायपुसणं उचलून पेडल आहे ना ते बघितलं, आणि गाडीखाली शिरली.

"ए, माझ्यावर शंका?" डॉक्टर खेकसला.

"तुम्हीच शिकवलंत, काका!" खालून आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा मावशी शेजारच्या सीटवर जाऊन बसली होती. ड्रायव्हरची जागा रिकामी.

"बसतेस, की आधी ती सीटही तपासणार?"

दहा नंबर बसली. क्लच सोडला तशी गाडीनं दोन गचके दिले आणि पुढे निघाली, पहिल्या डब्याच्या डावीकडून, दुसऱ्याच्या अगदी अंगावरून.

"मावशी, ब्रेकवर पाय आहे ना तुझा? मावशी! डबा आला!"

"समोर बघ."

वळण कसंबसं पार पडलं तेव्हा तिनं चोरून बाजूला पाहिलं. मावशी सीटवर चक्क मांडी घालून बसली होती, आणि ती चिठ्ठी उलगडून वाचत होती.