गाडीचा खोकला

"तुमची गाडी बरी झाली की माझी पंचाईत होणार आहे, आत्ताच सांगून ठेवते," असं शेजारच्या शिवणकाकू मला म्हणाल्या होत्या. मी दोरीवर दुपटी वाळत घालत होते. मी हसून म्हटलं, "काकू, फोनमध्ये गजर लावून देते की."

"तो किडा किरकिरतो ते मला ऐकूच येत नाही गं. बारीक आवाज माझ्या कानांनी केव्हाच सोडले. तुझ्या नवऱ्याची गाडी कशी, भिंतीतून थेट माझ्या पलंगात शिरते. पलंग थरथरला की मी उठते."

तरी मी त्यांच्या फोनमध्ये गजर लावला आणि विषय संपवला.

काकू शाळेत शिवण शिकवायच्या, आता एकट्याच राहतात. त्यांची नि आमची भिंत एक. रात्री त्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं आणि पहाटे उठून काहीतरी खावं लागतं, नाहीतर साखर खाली उतरते. हे मला ठाऊक होतं. पण त्या वेळी माझं सगळं चित्त आमच्या मुलीच्या झोपेत अडकलेलं होतं. तिला गुंडी हे नावही काकूंनीच ठेवलेलं.

नवरा पहाटे छोट्या ट्रकमधून दुधाचे क्रेट पोचवतो. थंडी पडली तशी गाडी सुरू व्हायला कुरकुरायला लागली. सेल्फ मारायचा, घर्र घर्र, बंद. पुन्हा घर्र घर्र. शेवटी पांढरा धूर ओकत एकदाची सुरू झाली की बंद पडू नये म्हणून हा ॲक्सिलरेटर दाबून बसायचा. तोवर गुंडी जागी होऊन भोकाड पसरायची. पहाटेची मोडलेली तिची झोप पुन्हा दिवसभर जुळायची नाही, आणि माझीही.

"ग्लो प्लग गेलेत," नवरा म्हणाला. डिझेल गाडीला थंडीत आधी आतून ऊब लागते. प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलीएवढा एक प्लग असतो, तो तापून लाल होतो आणि मग डिझेल पेट घेतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही कामाला लागलो. गुंडी सासूबाईंच्या मांडीवर. मी भौतिकशास्त्राची पदवीधर, म्हणून मल्टीमीटर माझ्याकडे. नवऱ्याने प्लगांना जोडणारी पट्टी सोडवली आणि मी एकेक प्लग तपासला. तिघांतून वीज जातच नव्हती.

"चार भावांत एकच कमावता," नवरा म्हणाला. "बिचारा थकणार नाही तर काय."

दोन प्लग सुखासुखी निघाले. तिसरा हलेना. नवऱ्याने पान्यावर दुसरा हात ठेवला.

"जोर नको लावूस. टोक आत तुटलं तर इंजिनाचं अख्खं हेड उतरवावं लागेल, असं कालच म्हणालास ना?"

"ते मी गॅरेजवाल्याला ऐकवायला म्हणालो."

"मग आता स्वतः ऐक. गाडी गॅरेजात पडली तर उद्या दूध काय डोक्यावरून नेणार?"

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "ऐक रे तिचं. लहानपणी बरणीची झाकणं अशीच मोडायचास."

त्याने पाना काढला. गंज सोडवणारं तेल आणखी ओतलं आणि आम्ही चहा प्यायलो. मग थोडं सैल, थोडं पुन्हा घट्ट, परत सैल, असं समजूत घालत घालत तो निघाला, काजळीने माखलेला. चौथा कमावता होता, पण थकलेला, म्हणून तोही बदलला. भोकांतली काजळी पुसून नवे प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत बसवले, शेवटचा आवळ फक्त पान्याने.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडले होते. गाडी एका दमात सुरू झाली. दार लागलं आणि नवरा गेलासुद्धा. गुंडी हललीही नाही.

एवढी शांतता मला मानवत नाही. आधी मी गुंडीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. तरी जीव थाऱ्यावर येईना. काहीतरी राहिलं होतं. गॅस बघितला, बंद होता. नळ बंद. मग लक्षात आलं, की रोज गाडी गेली की भिंतीपलीकडे खुर्ची सरकते आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजतं. आज ते वाजलं नव्हतं.

भिंतीवर थाप मारली. काही नाही. सासूबाई आदल्या संध्याकाळीच नणंदेकडे गेल्या होत्या. गुंडीला एकटी टाकून जायचा धीर होईना, म्हणून तिला उचललं. जिच्या झोपेसाठी एवढा खटाटोप केला, तिला मीच उठवलं. खिळ्यावरची काकूंची जादा किल्ली घेतली आणि रडणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन धावले.

काकू पलंगावर घामाने भिजल्या होत्या. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुरपाई उसव. सगळी उसव." फोन उशाशी इमानेइतबारे किरकिरत होता.

गुंडीला जमिनीवर ठेवलं. काकूंना टेकवून बसवलं, त्या गिळतायत ना हे बघत चमच्याचमच्याने साखरेचं पाणी पाजलं, आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला. गुंडी पलंगाचा पाय धरून रडत होती. असं वाटलं, की आता वेळ पुढे सरकणारच नाही. मग काकूंनी तोंड वाकडं केलं.

"किती गोड केलंयस. सरबत आहे की शिक्षा?"

मी खालीच बसले.

"ही का रडतेय? गाडी गेली का?"

"गेली काकू. मघाशीच."

"मला कळलीच नाही." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "म्हणजे प्लग चांगले बसवलेत."

डॉक्टर येऊन गेले, इन्सुलिन कमी केलं. नवऱ्याने काय केलं असेल? तो आता पहाटे निघण्याआधी त्याच पान्याने काकूंच्या भिंतीवर ठोकतो. पलीकडून डब्याचं झाकण वाजलं की मगच चावी फिरवतो. गुंडी रोज उठते. उठू दे.

तुमच्याकडे नुकतीच एखादी गाडी, पंप, करकरणारं दार असं काही नीट झालं असेल, आणि भिंतीपलीकडे कुणी एकटं राहत असेल, तर हे वाचून झाल्यावर एकदा जाऊन त्यांना बघून या. फोन नका करू, जाऊनच या.