लाल ठिपक्याचा रिले

उस्तादाने किल्ली फिरवली आणि गाडीने ब्रसुद्धा काढला नाही.

पुन्हा फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख लागले, पण इंजिन ढिम्म. इंजिनाला झटका देणारा सेल्फ फिरला नाही, कुरकुरला नाही, साधं टिक करायची तसदीही त्याने घेतली नाही.

चाळीस वर्षं जगाच्या गाड्या चालू करून दिलेला हा माणूस. गॅरेज बंद करून चार वर्षं झाली तरी अख्खी गल्ली त्याला उस्तादच म्हणायची. आणि नेमकं आज, अकरा वाजता बायकोला इस्पितळातून घरी आणायचं, तर स्वतःच्याच गाडीने दगा द्यावा? आठ दिवसांपूर्वी संध्याकाळी ती अंगणातून घरात येताना पायऱ्यांवरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पाय अजिबात वाकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून उस्तादाने दोन दिवस खपून पुढची सीट काढली, तिचे रूळ मागे सरकवले, पाठ लांबवली, पायाखाली गादी बसवली. रुग्णवाहिकेचं नाव काढलं तरी ती अंगावर यायची. "भोंगा वाजवत नेलंत तेवढं पुरे झालं. परत येईन ती आपल्या गाडीतून," असं तिने ठणकावलं होतं.

आता साडेनऊ वाजले होते.

त्याने बॉनेट उघडलं. बॅटरी काल रात्रभर चार्जिंगला लावलेली होती, तरी त्याने खिडकीतून हात आत घालून हॉर्न दाबला. असा काही खणखणीत वाजला की भिंतीवरचं मांजर पलीकडे पडलं. म्हणजे बॅटरी ठणठणीत. टर्मिनल हलवून बघितली, घट्ट. अर्थिंगची पट्टी घासून परत आवळली. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, तेही चारदा बघितलं. गुडघ्यांना शिव्या घालत तो गाडीखाली सरपटला, सेल्फवर हातोडीचे दोन टोले हाणले, टेस्ट लॅम्प हातात घेतला आणि तिथूनच ओरडला, "मास्तर, जरा किल्ली फिरवता का?"

शेजारचे निवृत्त मास्तर कधीचे फाटकाला टेकून उभे होते. बोलावण्याचीच खोटी, लगेच आत येऊन बसले. किल्ली फिरली. लॅम्प लागला नाही.

"सेल्फपर्यंत करंटच येत नाहीये," उस्ताद बाहेर येत पुटपुटला.

"मग कुठे जातो?" मास्तरांनी विचारलं.

"ते कळलं असतं तर मी इथे लोळलो असतो का?"

"ती करंट पुढे सोडणारी डबी, रिले का काय म्हणतात, तो गेला असेल."

"मास्तर, गेल्या वर्षी नवाकोरा घातलाय. या हाताने. मी घातलेला रिले वर्षात जात नसतो."

फ्यूज बघितले, सगळे शाबूत. किल्लीच्या मागच्या वायरी बघितल्या, त्याही धड. उस्तादाचं डोकं चालेना. गाडी आठ दिवस अंगणातून हललेली नाही, त्याच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही, मग बिघडलं काय? गुंता सोडवायला जावं तर डोक्यात दुसराच गुंता वर यायचा. बायको त्या संध्याकाळी अंगणात गेलीच कशाला होती? "कपडे काढायला," म्हणाली होती. पण कपड्यांची दोरी तर त्याने आदल्याच दिवशी अंगणातून सोडून घरामागच्या जुन्या गॅरेजच्या दाराला बांधली होती. आठ दिवस ही गोष्ट त्याला टोचत होती, आणि दुखण्यातल्या बाईला काय छेडायचं म्हणून तो गप्प होता.

"ढकलून चालू करू या का?" मास्तर म्हणाले.

"आणि इस्पितळाच्या दारात बंद पडली तर? ती आत पाय लांब करून बसलेली, आणि ढकलायला कोण, डॉक्टर?"

दहा वाजून गेले. उस्ताद हताश होऊन मडगार्डवर टेकला.

"एक मात्र बरं केलंत," मास्तर जायला वळता वळता म्हणाले. "हॉर्न दुरुस्त केलात ते. वहिनी सहा महिने तुमच्या नावाने खडे फोडत होत्या, आमच्या भिंतीपलीकडे ऐकू यायचं."

उस्तादाने त्यांच्याकडे बघितलं. मग गाडीकडे.

हॉर्न. हॉर्न बंद होता! सहा महिने बंद होता. त्याचा रिले जळलाय हे त्याने तिला बॉनेट उघडून दाखवलंही होतं. "हा कोपऱ्यातला. उद्या आणतो नवा," असं रोज म्हणत आला होता. मघाशी तोच हॉर्न दाबून आपण खूश झालो, आणि डोक्यात प्रकाश पडला नाही? वा रे उस्ताद!

त्याने रिलेच्या डब्याचं झाकण काढलं. आतले रिले दिसायला सगळे सारखेच, कुठला कशाचा ते सांगणारं झाकणावरचं चित्र केव्हाच पुसून गेलं होतं, पण त्याला चित्राची गरज नव्हती. नवा भाग बसवला की बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, ही त्याची जुनी सवय. सेल्फच्या जागेवर बिनठिपक्याचा, जळका रिले बसला होता. आणि लाल ठिपका कोपऱ्यात, हॉर्नच्या जागी.

त्याने फोन लावला.

"निघालात का हो?" तिने विचारलं.

"तू गाडीला हात लावला होतास?"

"का? काही बिघडलं?"

"कधी लावलास?"

"त्याच संध्याकाळी," ती म्हणाली. "तुम्ही लाल ठिपका दिलाय म्हणजे तो चांगला, एवढंच मला कळतं. कशाचा आहे ते काय ठाऊक? तो कोपऱ्यात लावला आणि जागा रिकामी नको म्हणून जुना तिकडे दाबला. वाजवून बघितलं नाही. म्हटलं, तुम्हाला सकाळी चकित करावं. त्याच आनंदात आत येत होते, पायरी दिसली नाही."

उस्तादाला अपराध्यासारखं झालं.

"अगं, मला सांगायचं ना," तो कसाबसा म्हणाला.

"सहा महिने दुसरं काय करत होते?"

मास्तर उगाच नजर टाळून फाटकाची कडी वरखाली करत राहिले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "वाजतो का पण?"

त्याने फोन खिडकीपाशी धरला आणि हॉर्न दाबला. चांगला बराच वेळ दाबून धरला.

"छान वाजतो," ती म्हणाली. "या आता. मी कपडे बदलून बसलेय."

त्याने लाल ठिपका उपसून सेल्फच्या जागी परत बसवला. एसीचा तसलाच रिले काढून हॉर्नला दिला. उकडलं तर काचा खाली करता येतील. मग घरात जाऊन तिची नेलपॉलिशची बाटली आणली आणि त्याच्यावरही एक ठिपका दिला. ठिपका जरा पसरला.

किल्ली फिरवली. सेल्फ पहिल्या झटक्यात लागला. पण उस्तादाला समोरचं फाटक धड दिसेना, म्हणून तो इंजिन चालू ठेवून मिनिटभर तसाच बसून राहिला.