वजीर सांगून घ्यायचा

नेवीनने पहिलं प्यादं सरकवलं आणि काचेबाहेर उभ्या हिल्मी आजोबांच्या जिवात जीव आला. पोरीने त्यांचीच सुरुवात धरली होती! फेरीबोटीवरची नोकरी संपल्यापासून आजोबांचा मुक्काम पोर्ट सईदच्या चहाच्या दुकानात, आणि नातीची बुद्धिबळाची शाळाही तिथेच. क्लबात तिला शिकवणारे कॅप्टन शेरीफ या सुरुवातीला नाक मुरडायचे.

"हिल्मीकाका, ही चहाच्या दुकानातली गंमत. स्पर्धेत तोंडावर आपटेल पोरगी."

"कोण आपटतं ते पटावर बघू," आजोबा ताठ्यात म्हणाले होते. आज ही शेवटची फेरी जिंकली तर नेवीन कैरोच्या स्पर्धेला जाणार होती. हरली, तर म्हाताऱ्याच्या हट्टापायी हरली असं सगळे म्हणणार होते.

समोरचा इस्माइलिया शहरातला ताहेर हुशार, पण हावरट. नेवीनने आमिष म्हणून पुढे टाकलेलं प्यादं त्याच्या वजिराने गिळलंच. आता घोडा उडायचा अवकाश; बघणारा घोड्याकडे बघत राहतो आणि मागून उंटाचा मारा थेट वजिरावर बसतो. आजोबांनी शेजारी उभ्या कॅप्टनचा दंड घट्ट धरला.

घोडा उडाला. तो मारायला ताहेरने हात पुढे केला, आणि नेवीनचे ओठ हलले.

काचेतून ऐकू आलं नाही, तरी आजोबांना कळलं: ती 'वजीर!' म्हणाली होती. त्यांच्या दुकानात शह सांगतात तसा वजिरावरचा माराही सांगतात. गुपचूप वजीर उचलणाऱ्याशी पुन्हा कोणी पट मांडत नाही. हा धडाही त्यांचाच. ताहेरने हात आखडला, वजीर हलवून वाचवला. बोलल्याबद्दल पंचांनी नेवीनला ताकीद दिली, आणि पुढे ती हरली.

कॅप्टननी फक्त आजोबांच्या पाठीवर हात ठेवला. आजोबांना तेच जास्त लागलं.

नाक लाल करून नेवीन बाहेर आली. त्यांनी खिशातल्या भाजलेल्या बिया तिच्या ओंजळीत ओतल्या.

"माझंच चुकलं गं. नको ते शिकवलं तुला."

"तोंडातून निघूनच गेलं," ती हुंदका गिळत म्हणाली. "पण आजोबा, न सांगता घेतला असता, तर उद्या माझ्याशी पट मांडला असता तुम्ही?"

आजोबांना खोटं बोलवेना.

"नसता मांडला," ते म्हणाले, आणि सगळ्यांदेखत तिला कवटाळून रडू लागले.

"अहो, हळू!" नेवीन ओरडली. "बिया सांडल्या सगळ्या."