गळ्यात टेप घालून सायकल घ्यायला

घरी व्यायामाची सायकल घ्यायचं ठरलं तेव्हा मी बायकोला स्पष्ट सांगितलं, "तू घरी बस. गाड्यांमधलं मला कळतं." तेहतीस वर्षं बस चालवली आहे मी. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचो. जागची न हलणारी सायकल ती काय आणि तिची निवड ती काय!

"गुडघा माझा आहे," ती म्हणाली आणि शिवणाचा टेप गळ्यात अडकवून, काठी टेकत दारात जाऊन उभी राहिली. झालं. तिने टेप गळ्यात घातला की पुढे बोलायची सोय नसते.

बायको शिंपीण आहे. कोट शिवते, तेही पायाच्या मशीनवर. मोटर बसवून देतो म्हणून मी वीस वर्षं मागे लागलोय. तिचं उत्तर ठरलेलं: "मोटर पळते हो. कॉलरच्या टोकाशी एकेक टाका मोजून थांबायचं असतं, ते पायालाच कळतं." त्याच उजव्या पायाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जखम भरली, काठी घेऊन चालायलाही लागली, पण गुडघा काही वाकेना. स्टुलावर बसली की पाय समोर ताठ, मशीनखाली जाईचना.

घरी येणाऱ्या फिजिओबाई एके दिवशी म्हणाल्या, "काकू, सायकल आणा. महिनाभरात पेडल पूर्ण गोल फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर डॉक्टर भूल देऊन गुडघा वाकवतील, आणि मग तो किती साथ देईल ते मी सांगू शकत नाही." त्या दिवशी बायको नीट जेवली नाही. मशीनवरचं कापड काढलं, परत घातलं. मला म्हणाली, "मशीन सुटलं तर मी करू काय हो दिवसभर?" मी उठून मशीनला उगाच तेल घातलं. एरवी मी त्या मशीनला हात लावत नाही, कोणालाही विचारा.

दुकानात पाऊल ठेवताच मला पहिलीच सायकल आवडली. काळीभोर, चकचकीत, पुढे हा एवढा पडदा. पेडल मारा की पडद्यावर डोंगर येतात, समुद्र येतो. मी लगेच दुकानदाराला म्हणालो, "बांधा ही!"

"थांबा," बायको म्हणाली. "मी चढू कशी हिच्यावर? मधला दांडा बघा कुठे आहे. पाय वाकत नाही म्हणून सायकल घ्यायची आणि चढायला पाय वाकवायचा?"

दुकानदार हसला. मी नाही हसलो.

मग तिने जे सुरू केलं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकेन. एकेका सायकलपाशी जायची, काठी माझ्या हातात द्यायची, ओणवी होऊन पेडल हाताने फिरवायची आणि डोळे मिटून ऐकायची. मग हात सोडायचा आणि चाक आपलं आपण किती वेळ फिरतं ते बघायचं. पडद्यावाल्या राणीसरकार दोन फेऱ्यांत गप्प झाल्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! "हिचं चाक हलकं आहे," बायको म्हणाली. "दर फेरीला वरच्या टोकाशी अडखळणार. नेमका तिथेच माझा गुडघा अडतो. चाक जड असलं की ते टोक आपसूक पार होतं. मशीनचंही तसंच असतं."

तेहतीस वर्षं गाडी चालवून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आपला समुद्र बघत होतो.

शेवटी ती थांबली कोपऱ्यातल्या एका राखाडी सायकलपाशी. ना पडदा, ना दिवे. दांडा इतका खाली की पाय नुसता पलीकडे ठेवायचा. चाक सोडलं तर आपलं फिरतंय, फिरतंय. तिने सीटच्या खांबावरची भोकं टेपने मोजली. "अर्ध्या अर्ध्या इंचावर आहेत. बाकीच्यांची दोन दोन इंचांवर. गुडघा काय उड्या मारत सुधारणार आहे? हीच द्या."

"काकू," दुकानदार म्हणाला, "इतकी वर्षं विकतोय, पण असं बघणारं गिऱ्हाईक नाही आलं."

माझी छाती अशी फुगली, जणू चाक मीच सोडून बघितलं होतं!

घरी आल्यावर तिने भिंतीला टेकून स्वतःच्या पायाचं माप घेतलं आणि मला फर्मान सोडलं, "खालचं पेडल आणि सीट यांत पस्तीस इंच ठेवा." मी ठेवले. बसली. पेडल अर्ध्यापर्यंत जाई आणि पाऊलच सुटे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सीटवर इकडून तिकडे घसरून कंबर धरली, गुडघा होता तिथेच. पाचव्या दिवशी माझा पारा चढला. "म्हटलं होतं ना पडद्याची घे! ही भंगारवाली उद्या परत करतो!"

मी ओरडत होतो आणि ती शांतपणे उतरून पुन्हा आपला पाय मोजत होती. एकदा मोजला, दोनदा मोजला. मग कपाळावर हात मारला.

"अहो, साडेतेहतीस आहे! मी शिवणीत जाणारा दीड इंच वर धरला!"

"कुठल्या शिवणीत?"

"कुठल्याच नाही हो! पायाला कुठे शिवण असते? माप घेतलं की दीड इंच वाढवायचा, हाताला सवयच ती!" आणि ती अशी हसायला लागली की काठी पडली. मीही हसलो, पण मनातून ओशाळलो होतो. मी पाच दिवस सायकलला शिव्या घातल्या. तिने आधी स्वतःचं माप तपासलं. हा फरक आहे आमच्या दोघांत, आणि मला तो लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर नीट दिसला.

सीट दीड इंच खाली आली. आता पाऊल पेडलवर बसलं, पण गुडघ्याला वरच्या टोकाशी जास्त वाकावं लागू लागलं, आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं. रोज सकाळी वीस मिनिटं. पेडल पुढे न्यायचं, अडलं की मागे आणायचं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दातांवर दात धरून ती आकडे म्हणायची. मला बघवायचं नाही. "आज राहू दे गं," म्हटलं की म्हणायची, "तुम्ही बाहेर जाऊन या." मी दारापर्यंत जायचो आणि तिथेच उभा राहायचो. माझ्या बायकोइतकं चिवट माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नव्हतो.

महिना भरायला चार दिवस उरले. फिजिओबाई म्हणाल्या, "उलटं फिरवून बघा, काकू. आधी उलटंच जमतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो. आकडे ऐकू येत होते. अकरा, बारा... आणि थांबले. मी पेपर टाकून धावलो. तिचा गुडघा पार वर आला होता, चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने डाव्या हाताने मला जागीच थोपवलं. गुडघा थरथरला. जड चाकाने तेवढा हात दिला आणि पेडल वरच्या टोकावरून पलीकडे उतरलं. खाली गेलं. परत वर आलं, आणि परत उतरलं.

"फेरी झाली?" मी विचारलं.

"झाली. उलटी."

"उलटी तर उलटी! अगं, पूर्ण झाली ना!" मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडलो मी, लाज कशाची? "तुझ्यासारखी तूच गं," असंही म्हणालो, एकदाचं.

तिने मला रडू दिलं. चेहऱ्यावरचा घाम पुसला, हसली, आणि पुन्हा पेडलवर पाऊल नीट ठेवलं.

"रडून झालं असेल तर सीट एक भोक खाली घ्या."

मी डोळे पुसले आणि खिट्टी ओढली.